वंशवादाचा आरोप: करायचा कसा, ऐकायचा कसा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



राजकीय वादात कुणावर वंशवादाचा आरोप झाला की पुढचं सगळं जवळजवळ ठरलेलं असतं. आरोप करणारा म्हणतो, ‘हा माणूस वंशवादी आहे, याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.’ ज्याच्यावर आरोप होतो तो म्हणतो, ‘माझं तोंड बंद करण्यासाठी हा शिक्का मारला जातोय.’ मग चार दिवस चर्चा चालते ती कोण किती दुखावलं याची. मूळ मुद्दा काय होता, कुणाला नोकरी नाकारली होती की कुणाची तक्रार पोलिसांनी घेतली नव्हती, हे पाचव्या दिवशी कुणाला आठवतही नाही.

आज मी मुख्यतः ब्रिटनबद्दल बोलणार आहे. त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे या शब्दावरून तिथे गेली तीस वर्षं सतत भांडण चालू आहे आणि त्यावर सरकारी चौकश्या झाल्या, न्यायालयांचे निकाल आले, अहवाल निघाले. ते सगळं छापील स्वरूपात वाचायला मिळतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तिथे आपल्या उपखंडातले लोक, म्हणजे मुसलमान, हिंदू, शीख, दलित, या आरोपाच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलेले आहेत. ते वंशवादाचे बळी ठरले, आणि भेदभावाचा आरोप त्यांच्यावरही झाला. त्यामुळे ही गोष्ट लांबून बघण्यासारखी नाही. आपल्याकडे शब्द वेगळे असतील, कुणी देशद्रोही ठरतो, कुणी जातीयवादी, कुणी धर्मद्रोही. रीत मात्र ओळखीची आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. वंशवादाचा आरोप ही एक तक्रार आहे. तक्रारीची नोंद व्हायला हवी, मग चौकशी, मग निष्कर्ष. नोंदच न घेणं हा अन्याय आहे. नोंदीलाच निकाल समजणं हाही अन्याय आहे. आणि या दोन्ही अन्यायांची किंमत बहुतेक वेळा वाद घालणाऱ्यांना मोजावी लागत नाही, तिसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.

एक खून आणि एक व्याख्या

२२ एप्रिल १९९३ च्या रात्री आग्नेय लंडनमधल्या एल्टम भागात स्टीफन लॉरेन्स हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मित्राबरोबर बसची वाट बघत उभा होता. गोऱ्या तरुणांच्या एका टोळक्याने वर्णावरून शिवी देत त्याला भोसकलं. संशयितांची नावं पोलिसांपर्यंत एक-दोन दिवसांतच पोहोचली होती, पण पहिली अटक व्हायला दोन आठवडे गेले. सोबतचा मित्र हा हल्ल्याचा साक्षीदार आणि स्वतःही बळी. त्याच्याकडेच संशयाने पाहिलं गेलं. आईवडिलांना धड माहितीही दिली गेली नाही. दोन आरोपींना शिक्षा झाली ती जानेवारी २०१२ मध्ये, जवळपास एकोणीस वर्षांनी.

मधल्या काळात सर विल्यम मॅकफर्सन या निवृत्त न्यायाधीशांची चौकशी झाली. फेब्रुवारी १९९९ मध्ये त्यांचा अहवाल आला. लंडनच्या पोलीस दलात संस्थात्मक वंशवाद आहे, असं त्यात म्हटलं होतं. या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्या. प्रत्येक पोलीस मनात द्वेष बाळगतो, असं मॅकफर्सन म्हणत नव्हते. त्यांचं म्हणणं होतं की संस्थेच्या कामाच्या पद्धती, सवयी आणि नकळत बाळगलेले समज यांचा मिळून असा परिणाम होतो की एका वर्णाच्या माणसांना वाईट सेवा मिळते. म्हणजे आरोप माणसाच्या काळजावर नव्हता, कामावर होता. काम तपासता येतं, म्हणून तो आरोपही तपासता येत होता.

त्याच अहवालात एक व्याख्या आहे, तिच्यावरून आजही वाद होतो. बळीला किंवा इतर कुणालाही जी घटना वंशवादी वाटेल ती वंशवादी घटना म्हणून धरावी, अशी ती व्याख्या. टीकाकार म्हणतात, म्हणजे कुणाला काहीही वाटलं की झालं? अहवाल पुढे वाचला तर उत्तर मिळतं. ही व्याख्या होती घटना नोंदवून तिचा तपास करण्यासाठी. पोलिसाने दारातच ‘यात वंशाचा काही संबंध नाही’ असं म्हणून वही मिटू नये, एवढ्यासाठी ती केली होती. गुन्हा सिद्ध व्हायला पुरावा लागणारच होता.

पुढे सार्वजनिक चर्चेत ही व्याख्या दोन्ही बाजूंनी बिघडवली गेली. काहींनी ‘मला वाटलं’ एवढ्यालाच निकाल मानलं. काहींनी या गैरवापराकडे बोट दाखवून नोंद घेण्याचीच टर उडवली. त्यात मॅकफर्सन यांचं साधं सूत्र हरवलं: आधी लिहून घ्या, मग शोधा.

रॉदरहॅम: भीतीची किंमत

आता उलट बाजूचं उदाहरण. ते आपल्याला ऐकायला कठीण आहे, म्हणूनच सांगतो.

उत्तर इंग्लंडमध्ये रॉदरहॅम नावाचं गाव आहे. २६ ऑगस्ट २०१४ रोजी प्राध्यापक ॲलेक्सिस जे यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९९७ ते २०१३ या काळात त्या गावात अंदाजे १,४०० मुलामुलींचं लैंगिक शोषण झालं, असं त्यात नोंदवलं होतं. भेटवस्तू द्यायच्या, दारू पाजायची, प्रेमाचं नाटक करायचं, आणि मग धमकी देऊन एकाकडून दुसऱ्याकडे पाठवायचं. बळींनी सांगितलेले बहुसंख्य गुन्हेगार आशियाई, मुख्यतः पाकिस्तानी वंशाचे होते. नगरपालिकेतल्या काही कर्मचाऱ्यांनी चौकशीत सांगितलं की गुन्हेगारांचा वंश सांगितला तर आपल्याला वंशवादी ठरवतील, अशी भीती होती. तो उल्लेख टाळा, असं वरिष्ठांनीच बजावल्याचं काहींना आठवत होतं.

एवढंच कारण होतं का? नाही. अहवालात दुसरंही कारण स्पष्ट आहे. यातल्या बऱ्याच मुली गरीब घरांतल्या, काही सरकारी बालगृहांतल्या. पोलीस त्यांच्याकडे तुच्छतेने बघत. बारा-तेरा वर्षांच्या मुली ‘स्वतःच्या मर्जीने’ वागतात असं समजलं जाई. म्हणजे मुलींचं म्हणणं कुणी ऐकलं नाही ते दोन कारणांनी: त्या कोण होत्या म्हणून, आणि गुन्हेगार कोण होते म्हणून. आज एक बाजू फक्त दुसरं कारण सांगते आणि दुसरी बाजू फक्त पहिलं.

रॉचडेल गावात असंच प्रकरण होतं. तिथे मुलीची साक्ष विश्वासार्ह नाही म्हणून सरकारी वकिलांनी खटलाच भरला नव्हता. २०११ मध्ये वायव्य इंग्लंडचे मुख्य सरकारी वकील म्हणून नझीर अफझल आले. त्यांनी तो निर्णय फिरवला आणि मे २०१२ मध्ये नऊ जण दोषी ठरले. अफझल स्वतः पाकिस्तानी वंशाचे मुसलमान आहेत. समाजाची बदनामी होईल म्हणून ते थांबले असते, तर कुणाचं भलं झालं असतं? त्या मुलींचं नाही आणि मुसलमानांचंही नाही.

कारण प्रश्न दाबला की तो नाहीसा होत नाही, तो द्वेष विकणाऱ्यांच्या हाती जातो. ऑगस्ट २०१५ मध्ये याच रॉदरहॅममध्ये ८१ वर्षांचे एक मुसलमान आजोबा पहाटे मशिदीकडे चालले होते. दोघांनी त्यांना गाठलं. मुलींना जाळ्यात ओढणारा म्हणून त्यांच्यावर आरोप केला आणि बेदम मारलं. काही दिवसांनी ते वारले. त्या आजोबांचा त्या गुन्ह्यांशी काडीचाही संबंध नव्हता. त्यांना मारलं ते दाढी आणि वर्ण बघून. याला वंशवाद म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

गाव एकच आहे. तिथे वंशवादाच्या आरोपाच्या भीतीने शेकडो मुलींकडे पाठ फिरवली गेली. आणि तिथेच खऱ्याखुऱ्या वंशवादाने एका म्हाताऱ्याचा जीव घेतला. जो यातली एकच गोष्ट सांगतो, त्याच्यापासून सावध राहा.

जून २०२५ मध्ये बॅरोनेस लुईस केसी यांचा अहवाल आला. देशभरात अशा गुन्ह्यांतल्या दोन-तृतीयांश गुन्हेगारांच्या वंशाची नोंदच केलेली नाही, असं त्यांना आढळलं. म्हणजे ‘सगळे हेच करतात’ म्हणणाऱ्यालाही आकडा नाही, आणि ‘हे खोटं आहे’ म्हणणाऱ्यालाही नाही. नोंद नसेल तिथे अफवेचं राज्य चालतं.

पक्षांच्या हातातलं हत्यार

आता पक्षांकडे बघू. मजूर पक्षावर जेरेमी कॉर्बिन यांच्या काळात ज्यूद्वेषाचे आरोप झाले. समानता आणि मानवी हक्क आयोगाने चौकशी केली. २९ ऑक्टोबर २०२० च्या अहवालात पक्षाने कायद्याचा भंग केल्याचा निष्कर्ष काढला. तक्रारी खोट्या आहेत, बदनामीसाठी आहेत, असं पक्षाच्या जबाबदार माणसांनी म्हणणं हाही छळाचा भाग ठरू शकतो, असं आयोगाने सांगितलं. पण गोष्ट इथे संपत नाही. जुलै २०२२ मध्ये मार्टिन फोर्ड या वकिलांचा अहवाल आला. पक्षातल्या दोन्ही गटांनी ज्यूद्वेषाचा प्रश्न एकमेकांविरुद्ध हत्यार म्हणून वापरला, असं त्यांनी नोंदवलं. कृष्णवर्णीयांबद्दलच्या वंशवादाकडे आणि मुसलमानद्वेषाकडे त्या मानाने कमी गांभीर्याने बघितलं गेलं, अशी अनेकांची भावनाही त्यात आहे.

हे दोन अहवाल एकत्र वाचायला हवेत. तक्रार खरी असू शकते आणि त्याच वेळी तिचा वापर मतलबी असू शकतो. वापर मतलबी आहे म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, आणि तक्रार खरी आहे म्हणून ती उचलणारा प्रत्येक जण प्रामाणिक ठरत नाही.

हुजूर पक्षाची कथा वेगळी नाही. मुसलमानद्वेषाच्या तक्रारींवर प्राध्यापक स्वरन सिंग यांनी मे २०२१ मध्ये अहवाल दिला. पक्षात संस्थात्मक वंशवाद आढळला नाही, पण स्थानिक पातळीवर मुसलमानविरोधी भावना हा प्रश्न आहे, असं त्यांनी म्हटलं. मौज अशी की मजूर पक्षाचे लोक हुजूर पक्षाचा अहवाल तोंडपाठ सांगतात आणि हुजूर पक्षाचे लोक मजूर पक्षाचा. स्वतःच्या घराचा अहवाल कुणी उघडत नाही.

मत आणि अपमान

एक उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्यात बुरखा घालणाऱ्या बायकांची तुलना त्यांनी टपालपेटीशी केली होती. गदारोळ झाला. लेख प्रत्यक्षात कशाबद्दल होता? बुरख्यावर कायद्याने बंदी घालू नये, असं त्याचं म्हणणं होतं! म्हणजे मत उदार आणि भाषा हिणवणारी. रस्त्यावर बुरखा घालून चालणाऱ्या बाईला मत कुणी ऐकवलं नाही, टपालपेटी मात्र ऐकवली.

मत आणि अपमान वेगळे करता येतात, ते करायला शिकलं पाहिजे. ‘बुरखा स्त्रीच्या स्वातंत्र्याला मारक आहे’ हे मत आहे. त्याला उत्तर द्या, ते पटलं तर मान्य करा, पण त्याला वंशवाद म्हणू नका. ‘या बायका टपालपेट्या आहेत’ हा अपमान आहे, आणि बोलणारा कितीही मोठा असला तरी त्याला तसं सांगायला हवं.

ब्रिटिश कायद्यानेही हा फरक करण्याचा प्रयत्न केला आहे. १९८३ मध्ये पगडी घालणाऱ्या एका शीख विद्यार्थ्याच्या खटल्यात लॉर्ड्सच्या न्यायपीठाने शीख हा वांशिक समूह आहे असं ठरवलं, त्यामुळे त्यांना वंशभेदविरोधी कायद्याचं संरक्षण मिळालं. मुसलमान अनेक वंशांचे, त्यामुळे ते या चौकटीत बसले नाहीत. धर्मावरून नोकरीत भेदभाव करण्याला बंदी आली ती २००३ मध्ये. मग २००६ मध्ये धार्मिक द्वेष भडकवण्याविरुद्धचा कायदा झाला. त्यात धर्मावर टीका करण्याची, इतकंच काय, त्याची थट्टा करण्याचीही मुभा स्पष्ट शब्दांत राखली. त्यावरचं एक मतदान सरकार एका मताने हरलं, २८३ विरुद्ध २८२. लोकशाहीत ही रेषा किती घासाघीस करून आखली जाते बघा.

२०१८ मध्ये खासदारांच्या एका सर्वपक्षीय गटाने इस्लामोफोबियाची व्याख्या केली. त्याचं मूळ वंशवादात आहे आणि मुसलमानपणाला लक्ष्य करणारा तो एक प्रकारचा वंशवाद आहे, असं तिचं सार. मजूर पक्षाने ती स्वीकारली, तेव्हाच्या सरकारने २०१९ मध्ये नाकारली. दोन्हीकडे विचार करण्यासारखं आहे. मुसलमान हा वंश नाही हे खरं. पण द्वेष करणारा कुराण वाचून हल्ला करत नाही, तो चेहरा आणि कपडे बघतो. ब्रिटनबाहेरचं एकच उदाहरण देतो. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांत ॲरिझोनामध्ये पेट्रोल पंप चालवणाऱ्या एका शीख माणसाचा खून झाला. मारणाऱ्याला पगडी दिसली, धर्म कोणता याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. तेव्हा माणसांवर होणारा असा हल्ला वंशवादाच्या जातीचाच आहे, असं मी मानतो. आणि त्याच वेळी असंही मानतो की धर्म, त्याचे कायदे, त्याचे नेते यांच्यावरच्या टीकेला ही ढाल मिळता कामा नये. माणसाला संरक्षण हवं. विचाराने आपलं संरक्षण स्वतः करावं.

आरोप आपल्यावर आला तेव्हा

ही फूटपट्टी आपल्या लोकांना लावून बघू. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीयांनी वंशवाद भोगला आहे. मग तिथल्या दलितांनी म्हटलं, आम्हाला इथेही जातीवरून छळलं जातं, कायद्यात जात घाला. सरकारने नेमलेल्या संशोधकांनी डिसेंबर २०१० च्या अहवालात अशा भेदभावाचे पुरावे असल्याचं सांगितलं. २०१३ मध्ये संसदेने सरकारला तसं करायला बांधून घेतलं. तेव्हा भारतीयांच्याच काही संघटना पुढे आल्या. त्यांचं म्हणणं असं, की ब्रिटनमध्ये जात उरलेली नाही, हा आमच्या समाजाला बदनाम करण्याचा डाव आहे. २०१८ मध्ये सरकारने माघार घेतली आणि विषय न्यायालयांवर सोडला.

हे शब्द ऐकल्यासारखे वाटतात ना? ‘इथे तसं काही नाही, तुम्हीच फूट पाडता’ असं गोरा मालक म्हणायचा, तेव्हा आपल्याला राग यायचा.

न्यायालयासमोर एका घरकामगार बाईचं प्रकरण आलं. बिहारमधून नेलेली आदिवासी बाई, दिवसाला अठरा तास काम, तासाला सुमारे ११ पेन्स मजुरी. जात ही वांशिक मूळ या कल्पनेत बसू शकते, असं अपील न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये सांगितलं. पुढच्या वर्षी तिला बुडालेल्या मजुरीपोटी १ लाख ८० हजार पौंडांहून जास्त रक्कम मंजूर झाली. बाबासाहेबांनी जात म्हणजे वंश नव्हे असं मांडलं होतं, आणि अभ्यासाच्या दृष्टीने ते आजही महत्त्वाचं आहे. पण त्या बाईपुढे प्रश्न मानववंशशास्त्राचा नव्हता. दाद कुठे मागायची, हा होता. ‘आम्ही स्वतः वंशवादाचे बळी, आम्ही कसा भेदभाव करू’ हे वाक्य तिच्यापुढे टिकत नाही.

आणि आतून बोलणाऱ्यांचं काय? लंडनच्या साउथॉल भागात १९७९ मध्ये साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संघटना सुरू झाली. त्या आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन बायका रस्त्यावर वंशवादाविरुद्ध लढत होत्या आणि घरातल्या मारहाणीविरुद्धही. समाजातले पुरुष म्हणत, घरातलं बाहेर काढू नका, गोऱ्यांच्या हाती कोलीत मिळेल. हा युक्तिवाद महाराष्ट्रालाही नवा नाही. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला, तेव्हा त्यांनाही हेच ऐकवलं गेलं, की शत्रूला हत्यार देताय. त्या सात बायकांच्या तलाकचं काय, हे विचारायला मात्र फारसं कुणी पुढे आलं नाही.

मग करायचं काय?

काही सवयी लावून घ्याव्यात, असं सुचवतो.

आरोप करताना कृती सांगा, वाक्य सांगा, तारीख सांगा. ‘तू वंशवादी आहेस’ यावर फक्त ‘नाही’ एवढंच उत्तर येतं. ‘तीन अर्ज आले आणि आडनाव बघून एक बाजूला काढला’ याला उत्तर द्यावं लागतं.

आरोप आपल्यावर आला तर पहिला प्रश्न ‘काय घडलं?’ हा विचारा. ‘माझे कितीतरी मित्र त्या समाजाचे आहेत’ हे नंतर सांगता येईल. खरं तर सांगण्याची गरजच पडणार नाही.

आपल्या पक्षाला, मोहल्ल्याला, जमातीला तीच फूटपट्टी लावा. विरोधकाचा अहवाल वाचण्याआधी स्वतःचा वाचा.

चौकशीत आरोप खरा ठरला नाही, तर जितक्या मोठ्या आवाजात केला तितक्याच मोठ्या आवाजात मागे घ्या. ज्याच्यावर तो झाला, त्याच्याही घरात मुलं असतात, ती शाळेत जातात.

आणि शेवटची गोष्ट. वाद तापला की स्वतःला विचारा, या भांडणात जिचं किंवा ज्याचं नुकसान झालंय तो माणूस कुठे आहे? रॉदरहॅमची मुलगी, मशिदीकडे निघालेले आजोबा, अठरा तास राबणारी बाई, लॉरेन्सची आई. त्यांचं म्हणणं कुणी लिहून घेतलं का? घेतलं नसेल, तर आपण कोणत्याही बाजूने कितीही जोरात बोलत असू, काम अजून सुरूच झालेलं नाही.

माझं म्हणणं इथे थांबवतो. आता प्रश्न विचारा. ज्यांना पटलं नाही त्यांनी आधी विचारावेत.